कोंपीतोसाहेबांचा आघात

आपल्या भाषेत सांगायचं तर सगळं भांडण एका वेलांटीचं होतं. ऱ्हस्व की दीर्घ, एवढंच.

इटलीतल्या कास्तेलवार्नो गावात, उतारावरच्या त्या चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ओत्तोरीनो कोंपीतो राहत. पाणीपुरवठा खात्यातून उपप्रमुख म्हणून निवृत्त झालेले, चप्पल घालून कधी जिन्याखाली न उतरलेले, समोरचा माणूस कितीही कंटाळवाणा असला तरी त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत मान डोलावत उभे राहणारे. 'कोंपीतो' म्हणजे त्या भाषेत सभ्य, शालीन, चारचौघांत कसं वागावं हे ज्याला कळतं असा. जोर 'पी'वर, पी दीर्घ. आडनावाला शोभेल असं वागण्यात साहेबांचा उभा जन्म गेला होता. अडचण अशी की तोच जोर एक घर मागे सरकून 'कों'वर पडला, तर होतं 'कोंपितो', आणि कोंपितो म्हणजे गृहपाठ.

लिहायला दोन्ही अगदी सारखे. इटलीत शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर जोर असेल तर डोक्यावर तिरकी रेघ मारून दाखवतात. मधल्या जोराचं चिन्ह लिहायची पद्धत नाही. तो आईच्या तोंडून ऐकून शिकायचा असतो. आता दुसऱ्याचं आडनाव कोणाची आई शिकवते?

त्यामुळे लोक गृहपाठच म्हणत. दवाखान्यात नर्स दार उघडून "गृहपाठ!" अशी हाक मारी, की खोकणारे पेशंटसुद्धा खोकला थांबवून बघत. लष्करात सार्जंट रोज हजेरीला विचारी, "गृहपाठ झाला का?" आणि रांगेतून उत्तर येई, "विसरलो, सर!" कचेरीत नवा माणूस आला की पहिल्या दिवशी चुकून चुके आणि दुसऱ्या दिवसापासून मुद्दाम. साहेब कोणालाही दुरुस्त करत नसत. चारचौघांत दुसऱ्याची चूक काढणं सभ्य माणसाला शोभत नाही, आणि सभ्यपणा तर साक्षात आडनावातच होता. या पेचातून त्यांना कधी वाट सापडली नव्हती.

वाट सापडली ती दारावरच्या घंटीमुळे. इमारतीच्या दाराशी घंट्यांचा जो फलक होता तो इतका गंजला होता, की कोणतंही बटण दाबलं तरी घंटी तळमजल्यावरच्या दंतवैद्याकडे वाजे. नवा पितळी फलक करायचं ठरलं. प्रत्येकानं आपलं नाव कसं कोरून हवं ते सोसायटीचे व्यवस्थापक तार्चीझिओ यांना कळवायचं होतं. तार्चीझिओ अशा अनेक इमारतींचं काम बघत आणि एकीची गळती दुसरीत दुरुस्त करत.

"मी म्हणतो," साहेब जेवताना बायकोला म्हणाले, "'पी'वर ते आघाताचं चिन्ह कोरून घ्यावं. उगाच कोणाला दुरुस्त करायला नको. येणारा माणूस वाचेल आणि आपसूक सुधारेल."

नीवेसबाई शेंगा सोलत होत्या. तिकडे बायका लग्नानंतरही माहेरचंच आडनाव लावतात. त्या जन्मल्यापासून बास्तियानेल्ली होत्या आणि सासरच्या वेलांटीशी त्यांना कर्तव्य नव्हतं. "आपल्याकडे येतं कोण?" त्या म्हणाल्या. "टपालवाला. तो तर घंटीच वाजवत नाही."

पण साहेबांनी कळवलं. एवढीशी गोष्ट, एक तिरकी रेघ. ती तार्चीझिओंनी सभेपुढे ठेवली. का, तर फलकावरची सगळी नावं एकसारखी दिसायला हवीत असा नियम होता, आणि वेगळं काही हवं असेल तर ठराव हवा.

सभा भरली गॅरेजमध्ये, आपापल्या घरून आणलेल्या खुर्च्यांवर. सल्ले देण्याच्या बाबतीत ती इमारत फार उदार होती. दंतवैद्य म्हणाले, "आडनावच कशाला? नुसतं 'तिसरा मजला, डावीकडे' लिहा. मला माझ्या पेशंटची नावं कुठे आठवतात, मी दाढ बघून ओळखतो." कोणी म्हणालं, नावाशेजारी वाकून नमस्कार करणाऱ्या माणसाचं चित्र काढा. चौथ्या मजल्यावरून सूचना आली, की त्यापेक्षा साहेबांनी आडनाव मोठ्यानं म्हणून रेकॉर्ड करावं आणि घंटीतून तोच आवाज यावा. हा सल्ला गंभीरपणे दिला होता. साहेबांनी त्याबद्दल आभारही मानले.

मग झेलिंदाबाई उठल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या झेलिंदाबाईंनी गावातल्या निम्म्या लोकांना शाळेत शिकवलं होतं आणि उरलेल्या निम्म्यांना रस्त्यात. साहेबांचा आणि त्यांचा शेजार फार जुना. त्यांचे पाण्याच्या बाटल्यांचे खोके साहेब वर नेऊन देत, आणि दर रविवारी बाई विंचिसग्रास्सीचं ताट वर पाठवत. कोंबडीच्या काळजाचा रस्सा घालून, पास्त्याच्या थरावर थर रचून भाजलेलं. तेवढ्या एका ताटासाठी साहेब आठवडाभर शहाण्यासारखं जेवत.

"मधल्या अक्षरावर चिन्ह?" बाई म्हणाल्या. "हा दरवाजा आहे की शब्दकोश? जन्मभर मुलांच्या पेपरांतली असली चिन्हं मी लाल शाईनं खोडली. आता म्हातारपणी रोज त्याच्याखालून ये-जा करू? आणि कोंपितोसाहेब, गरज काय? तुमचं नाव सगळ्यांना माहीत आहे!"

त्यांनी अर्थातच 'कों'वर जोर दिला होता. शिक्षिकेच्या तोंडी गृहपाठ हा शब्द इतका सहज येई, की दुसरा काही अर्थ असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

साहेब उठले. कोटाची गुंडी लावली. "बाई," ते फार हळू म्हणाले, "क्षमा करा, पण तुम्हीसुद्धा चुकीचंच म्हणता. पहिल्यापासून."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"म्हणजे पंचवीस-तीस वर्षं मी तुम्हाला चुकीच्या नावानं हाक मारतेय, आणि तुम्ही खुशाल ओ देताय?"

"दुरुस्त करणं बरं दिसलं नसतं, म्हणून—"

"मी शिक्षिका आहे!" बाई कडाडल्या. "मला दुरुस्त केलं नाहीत? पहिलीतल्या पोराला सोडून देतात तसं सोडून दिलंत? रोज हाक मारायची, आणि वर जाऊन नवरा-बायकोनं हसायचं!"

"आम्ही कधी हसलो नाही हो," नीवेसबाई म्हणाल्या. ते खरं होतं, पण त्या म्हणताना किंचित हसल्या, आणि तिथे सगळं बिघडलं. बाई आपली खुर्ची उचलून निघून गेल्या. टीव्हीवर मॅच सुरू व्हायची होती म्हणून बाकीच्यांनी भराभर हात वर केले आणि ठराव मंजूर झाला.

त्या रविवारी विंचिसग्रास्सी आलं नाही. साहेबांनी खाली जाऊन बाटल्यांचे खोके उचलले, तर बाईंनी दाराच्या फटीतून सांगितलं, "ठेवा तिथेच. माझा भाचा नेईल." भाचा मिलानला राहत असे.

फलक आला तेव्हा सगळी इमारत दाराशी जमली. पितळ लखलखत होतं. तिसऱ्या मजल्यासमोर आडनाव होतं आणि त्यावर चिन्हही होतं. फक्त ते 'पी'वर नव्हतं. शेवटच्या अक्षरावर होतं. साहेबांनी कोरणाऱ्याला फोन लावला.

"अहो साहेब, तुमच्या कागदावर चुकून मधे पडलं होतं," तो आपुलकीनं म्हणाला. "चिन्ह शेवटीच असतं ना! मी सुधारून घेतलं. वेगळे पैसे नकोत."

आता त्या अक्षरांत अशी गंमत आहे, की जोर शेवटी गेला तर 'कोंपितोऽ' हा तिसराच शब्द होतो. त्याचा अर्थ, 'त्याने अक्षर अक्षर जुळवत, अडखळत वाचले'. बालवाडीतून नुकतंच वर आलेलं मूल वाचतं तसं. शिवाय नीवेसबाईंचं आडनाव एका ओळीत न मावल्यामुळे मोडलं होतं: पहिल्या ओळीत 'बास', दुसरीत 'तियानेल्ली'.

झेलिंदाबाई चष्मा लावून पुढे झाल्या. सभेनंतर त्या प्रथमच साहेबांसमोर तोंड उघडत होत्या, पण बोलल्या त्या फलकाशी. "'त्याने अडखळत वाचले.' उत्तम. आणि हे 'बास-तियानेल्ली'? 'स'पुढे व्यंजन आलं की 'स' कधी मागे राहत नाही, पुढच्याचं बोट धरून खालच्या ओळीत जातो. बा-स्तिया-नेल्-ली. दुसरीचा धडा आहे." आणि जिना चढून गेल्या.

"माझं कुठेही मोडा," नीवेसबाई म्हणाल्या. "बटण दाबलं की वाजतं ना?"

बटण दाबलं. दंतवैद्याकडे वाजलं.

फलक बदलायचा तर तार्चीझिओंना सरकारी पुरावा हवा होता. त्यांचं म्हणणं, चिन्ह कुठे असतं यावर आता कोरणाऱ्याचा शब्द आणि साहेबांचा शब्द अशी बरोबरी झाली आहे. साहेब ठेवणीतला सूट घालून नगरपालिकेच्या जन्मनोंदणी खिडकीवर गेले. खिडकीतल्या बाईंनी आडनाव पडद्यावर शोधलं.

"आहात तुम्ही. काय अडचण आहे?"

"उच्चाराची."

"उच्चार आम्ही नोंदवत नाही. तुम्ही आमच्याकडे सगळे मोठ्या, कॅपिटल अक्षरांत आहात. मोठ्या अक्षरांना डोक्यावर काही नसतं."

"पण मग सरकारच्या दृष्टीनं माझं नाव काय?"

"जे लिहिलंय ते," बाई म्हणाल्या. "फक्त मोठ्यानं म्हणायचं नाही."

साहेबांचा चेहरा बघून त्यांना वाईट वाटलं असावं. त्यांनी मार्ग सुचवला: प्रीफेक्टकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याकडे, आडनाव बदलण्याचा अर्ज करा, चिन्ह नसलेल्या नावाऐवजी चिन्ह असलेलं नाव मागा. रीतसर सूचना लागेल, कोणाला हरकत असेल तर ऐकून घेतील, संपलं. साहेबांनी अर्ज केला. सूचना छापणाऱ्या यंत्रालाही मधलं चिन्ह ठाऊक नव्हतं, ते त्यानं गाळलं. त्यामुळे नगरपालिकेच्या फलकावर जे लागलं त्याचा मथितार्थ असा होता: सदर गृहस्थ आपलं आडनाव बदलून पुन्हा तेच ठेवू इच्छितात. हरकत असल्यास कळवावे.

गावात इतकं वाचलं गेलेलं सरकारी लिखाण दुसरं नसेल. लोक मुद्दाम वाट वाकडी करून येत, वाचत आणि समोरच्या बारमध्ये जाऊन चर्चा करत. एक गट म्हणे, यात मालमत्तेची काहीतरी भानगड आहे. दुसरा म्हणे, निवृत्तीनंतर असं होतं, माझ्या मेहुण्याचंही झालं होतं. पण सांगायची गोष्ट म्हणजे, या सगळ्यातून गाव सुधारलं. साहेब कॉफीला आले की बारवाला लांबूनच ओरडे, "या, कोंपीऽऽतोसाहेब!" 'पी' एवढी लांब, की ती संपेपर्यंत कॉफी तयार होई. दवाखान्यातली नर्स हाक मारण्याआधी श्वास घेऊ लागली. आयुष्यभर जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते मिळताना लोक पूर्वीपेक्षा जास्त हसत होते.

हरकत एकच आली. दुसऱ्या मजल्यावरून, सुवाच्य अक्षरात, व्याकरणाच्या कारणावरून.

प्रीफेक्टच्या कचेरीतून साहेबांना विचारणा झाली: घराण्यातलं कोणी वडीलधारं आहे का, जे पूर्वापार उच्चाराबद्दल सांगू शकेल? घराण्यात आता एकच माणूस उरलं होतं, आर्मीदाआत्या. वडिलांची धाकटी बहीण, नव्वदी ओलांडलेली, पलीकडे लुक्काजवळच्या डोंगरात राहणारी. साहेबांचे वडील तरुणपणी तिथून निघाले ते परत कधी गेले नव्हते, आणि मुलालाही त्यांनी कधी नेलं नव्हतं. आत्याला साहेबांनी पाहिलं होतं ते वडिलांच्या अंत्यविधीला.

नीवेसबाईंनी गाडी काढली. घाटात साहेब डोळे मिटून आत्याला विचारायचे प्रश्न घोकत होते. डोंगर उतरून लुक्काच्या मैदानात आले, पुन्हा चढण लागली, कॅमेलियाच्या झाडांनी दोन्ही बाजू भरून गेल्या, आणि एका वळणावर नीवेसबाईंनी करकचून ब्रेक दाबला. समोर गावाच्या नावाची पाटी होती. तिच्यावर साहेबांचं आडनाव होतं.

एक माणूस बांधावर फांद्या छाटत होता. साहेबांनी काच खाली केली. "माफ करा, हे... कोंपीतो ना?"

"कोण?" तो माणूस म्हणाला. "कोंपितो! हा सगळा डोंगर कोंपितो. वरचं गाव, खालचं गाव, सगळं. तुम्ही म्हणता ते कुठलं असेल बुवा?"

'कों'वर जोर. सगळा डोंगरच गृहपाठ. साहेबांनी काच वर केली.

आर्मीदाआत्या अंगणात खुर्ची टाकून बसली होती. तिनं भाच्याचे दोन्ही गाल धरून ओढले, सुनेला "वाळलीस गं" म्हणाली आणि प्रश्न ऐकून इतकी हसली, की शेजारीण धावत आली.

"अरे, आपण इथले, म्हणून कोंपितो! पूर्वी इथे रस्ते मिळायचे, चव्हाट्याला म्हणायचे कोंपितो. गृहपाठ कसला आणि सभ्यता कसली! हे तुझ्या बापाचं खूळ. सरकारी नोकरी लागली, म्हणाला, कचेरीत पोरं चिडवतील. गाडीत बसला तेव्हा कोंपितो होता, उतरला तेव्हा कोंपीतो. आमच्या आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, आडनाव बदललं तर बदललं, पण निदान दुसरं तरी घ्यायचं! आणि तू रे, एवढा शिकलास, तुला कधी वाटलं नाही विचारावं?"

आत्यानं चेस्टनटच्या पिठाचा केक पुढे केला. तो त्यांनी सगळा खाल्ला, कारण पुढे केलेलं खायचं असतं.

परतीच्या वाटेवर पुन्हा घाट लागला. मग नीवेसबाई म्हणाल्या, "म्हणजे नर्सचं बरोबर होतं."

"हो."

"सार्जंटचंही."

"रस्त्याकडे बघ, नीवेस."

वडील एका प्रवासात जे झाले होते ते निभावण्यात साहेबांनी सगळं आयुष्य खर्च केलं होतं: पूर्ण ऐकलेली वाक्यं, न काढलेल्या चुका, जिन्यात न घातलेल्या चपला. त्यांना वडिलांचा राग येत नव्हता. त्यांना सारखी आठवत होती ती दाराची फट, आणि "भाचा नेईल."

अर्ज मागे घेतला. त्याचीही सूचना लागली: सदर गृहस्थ आता आपलं आडनाव बदलून तेच ठेवू इच्छित नाहीत, सबब ते तेच राहील. बारमध्ये पुन्हा गर्दी झाली. तेवढ्यात तार्चीझिओंनी ही ब्याद संपावी म्हणून पुराव्याची वाट न बघता नवा फलक करूनही आणला. आणि तो निर्दोष होता. चिन्ह 'पी'वर, 'स' योग्य ओळीत, घंटी योग्य घरात. फलकाला मान्यता द्यायला सभा बोलावली. झेलिंदाबाई शेवटच्या रांगेत, दाराकडे खुर्ची वळवून बसल्या होत्या.

साहेबांनी गुंडी लावली आणि उठून सगळं सांगितलं. डोंगर, पाटी, आत्या, बाप. "तेव्हा खरा उच्चार कोंपितो," ते म्हणाले. "तुम्ही सगळे बरोबर होता. विशेषतः झेलिंदाबाई. मी सर्वांची, आणि त्यांची वेगळी, क्षमा मागतो. ते चिन्ह काढून टाकावं."

टाळ्या वगैरे काही झाल्या नाहीत.

"काढून टाकावं?" तार्चीझिओ म्हणाले. "पितळावर कोरलंय, साहेब. आणि ठराव आहे. खरं काय ते तुमच्या घरी. इमारतीच्या दृष्टीनं तुम्ही कोंपीतो."

"मी पेशंटनासुद्धा शिकवलंय," दंतवैद्य म्हणाले. "तोंड उघडं असतानाही त्यांना बरोबर म्हणता येतं आता. पुन्हा बदललंत तर मी नाही."

"आम्ही एवढी मेहनत घेतली," चौथ्या मजल्यावरून कोणी दुखावलेल्या आवाजात म्हणालं, "आणि तुम्ही म्हणता चूक होतं?"

मतदान झालं. साहेब बहुमतानं कोंपीतो ठरले. विरोधात एकच हात वर होता, त्यांचा. नीवेसबाईंनी घाईत बाजूनं मत दिलं, कारण चुलीवर काहीतरी ठेवून आल्या होत्या. झेलिंदाबाईंनी मत दिलंच नाही.

सगळे गेल्यावर साहेब आपली खुर्ची घेऊन जिना चढू लागले. पहिल्या वळणावर झेलिंदाबाई खुर्ची टेकवून, तिच्यावरच बसल्या होत्या, दम खात.

"म्हणजे माझं बरोबर होतं," त्या म्हणाल्या.

"पहिल्यापासून, बाई."

"आणि तुम्ही ओ देत होतात तेही बरोबरच होतं."

"तसं म्हणता येईल."

बाईंना यात विजय सापडेना. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "पण आता मी तुम्हाला म्हणू काय? बरोबर म्हणावं तर ठरावाविरुद्ध. ठरावाप्रमाणे म्हणावं तर चूक, आणि माझ्या तोंडून चूक जायची नाही. जाणूनबुजून तर नाहीच."

साहेबांनी आपली खुर्ची खाली ठेवली आणि समोर बसले. जिन्यात, अशा दोन खुर्च्यांवर, ते दोघं एखाद्या दवाखान्यात नंबराची वाट बघत असल्यासारखे दिसत होते.

"ओत्तोरीनो म्हणा," ते म्हणाले.

बाईंनी विचार केला. मग वर्गात फळ्याकडे बघून म्हणावं तसं समोरच्या भिंतीकडे बघून म्हणाल्या, "ओत्-तो-री-नो. दोन 'त', एक इकडचा, एक तिकडचा. जोर 'री'वर. यात कोणाला वाद घालता यायचा नाही." आणि जरा थांबून, "बरं नाव आहे की हे. कधी कोणी हाक मारताना ऐकलं नाही."

"नीवेस मारते. आणि आता आत्या."

खालून गार झुळूक आली. गॅरेजचं दार कोणीतरी उघडं टाकलं होतं.

"ओत्तोरीनो," झेलिंदाबाई म्हणाल्या, "ते दार लोटून ये जरा. वारा लागतोय मला."

साहेब उठले. नीवेस सोडली तर त्या इमारतीत त्यांना आजवर कोणी एकेरी हाक मारली नव्हती. चार पायऱ्या उतरून त्यांनी दार लोटलं, कडी घातली आणि खालूनच म्हणाले, "लोटलं, झेलिंदा."

जोर कुठे द्यायचा, हे त्यांना विचारावं लागलं नाही.